बिल्जमधलं पाणी: दीड बादलीपासून पेलाभरापर्यंत

बोट १९ फुटी, फायबरची. आत तीन लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागे मर्क्रूझर कंपनीचा अल्फा वन, दुसऱ्या पिढीचा ड्राइव्ह, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा, पाण्यात वर-खाली होणारा भाग. सेकंडहँड घेतली, रेवदंड्याच्या खाडीत मुरिंगला (पाण्यातच नांगराला बांधून) असते. पावसाळाभर शेडमध्ये ट्रॉलीवर होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाण्यात सोडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनचं झाकण उघडलं तर खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या खोलगट जागेत, तळं.

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकतो. पाणी दिसल्याबरोबर मी ड्रेन प्लग बदलला. मग ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीच्या, कडेने बाहेरून दोन ट्यूब सीलंट फासलं. मग बिल्ज पंपाच्या आउटलेटचा पाइप बदलला. हजारो रुपये गेले, पाणी तेवढंच. शेजारच्या होडीवरचे नाना हे सगळं तीन दिवस गप्प बसून बघत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "भाऊ, पानी चाखून बगलंस का?"

चाखलं. खारट होतं, पण खाडीइतकं नाही. म्हणजे दोन पाणी मिसळलेली. परतीचा पाऊस रात्री पडून गेला होता. मी सगळा दोष समुद्राला देत होतो आणि थोडं पाणी आभाळातून येत होतं. तिथून पुढे ठरवलं, पाना हातात घ्यायचा नाही, आधी मोजायचं.

मोजमाप

ऑटोमॅटिक बिल्ज पंप बंद केला. नाहीतर तो पाणी परस्पर बाहेर टाकतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. (पंप बंद असताना मी बोटीजवळच होतो. बोट सोडून जाणार असाल तर हे करू नका.) बिल्ज पुसून कोरडं केलं. पाऊस नसलेल्या रात्री निवडल्या. रात्री दहा ते सकाळी सहा, दहा लिटरची बादली आणि स्पंज.

ड्राइव्ह खाली सोडून: दीड बादली.
ड्राइव्ह वर उचलून: अडीच बादल्या, वर थोडं.

या दोन आकड्यांनी अर्धं काम केलं. ड्रेन प्लगला ड्राइव्ह वर आहे की खाली, याच्याशी काही घेणंदेणं नाही. ट्रान्समच्या सीललाही नाही. ड्राइव्ह उचलल्यावर वाकतं आणि ताणलं जातं ते फक्त रबर, म्हणजे बेलोज, घड्याघड्यांच्या रबरी नळ्या. स्टर्नड्राइव्हची गंमतच ही आहे: इंजिन आत, ड्राइव्ह बाहेर, आणि मधल्या भिंतीला पाण्याच्या पातळीखाली पाडलेलं भोक. १९५९ साली व्होल्वो पेंटाने अ‍ॅक्वामॅटिक बाजारात आणला तेव्हापासून त्या भोकाची राखण रबरच करतंय. नानांना हे समजावलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. लाकडी होडीत हयात गेलेल्या माणसाला हे पटणं अवघडच.

अल्फाला तीन बेलोज. यू-जॉइंटचा (इंजिनची फिरकी ड्राइव्हला देणाऱ्या वळत्या सांध्याचा) मोठा, एक्झॉस्टचा, आणि शिफ्ट केबलचा बोटभर जाडीचा छोटा. एक्झॉस्टचा फाटला तरी बोटीत पाणी येत नाही, तिथे एरवीही पाणी असतंच. त्यामुळे संशयित उरले दोन.

नीळ

बोट ट्रॉलीवर ओढून घरी आणली. उलटी चाचणी केली: बाहेरचं पाणी आत कुठून येतं ते शोधण्याऐवजी आतलं बाहेर कुठून जातं ते बघायचं. रंगपंचमीचा उरलेला रंग घरात होता, पण तो बिल्जला कायमचा बसला असता. म्हणून कपड्यांची नीळ. निळ्या पाण्याने बिल्ज शिफ्ट केबलच्या भोकाच्या वर येईपर्यंत भरलं. स्टार्टर आणि फ्लायव्हीलच्या बरंच खाली थांबलो. ट्रान्समवर बाहेरून टाल्कम पावडर मारली, म्हणजे ओघळ लपत नाही.

ड्राइव्ह खाली होता. वीस मिनिटं काही नाही. चहा झाला. मग ड्राइव्ह उचलला आणि टॉर्च घेऊन खाली आडवा झालो. पाच मिनिटांत शिफ्ट केबलच्या बेलोजच्या दुसऱ्या घडीत एक निळा ठिपका फुगला, लोंबला, पडला. मग दुसरा. पाण्यात असताना खाली सोडलेल्या ड्राइव्हनेही गळत होतं, पण ट्रॉलीवर आतल्या एवढ्याशा पाण्याचा दाब त्याला पुरला नसावा. यू-जॉइंटचं आतलं तोंड बरंच वर असतं, त्यामुळे या चाचणीने तो निर्दोष ठरत नाही. तो उघडूनच बघावा लागतो.

उघडल्यावर

ड्राइव्ह काढण्याआधी गिअर फॉरवर्डमध्ये, अल्फाला हे विसरायचं नाही. सहा नट. शेडच्या वाशाला चेनपुली बांधली, ड्राइव्ह सरळ मागे आला. यू-जॉइंट कोरडे, ग्रीस काळं पण चिकट, शाफ्टला आधार देणारं गिंबल बेअरिंग बोटाने फिरवलं तर गुळगुळीत. म्हणजे मोठा बेलोज शाबूत होता.

खरा त्रास बेल हाउसिंगच्या (ड्राइव्ह ज्यावर बसतो त्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागाच्या) दोन हिंज पिनांनी, म्हणजे बिजागरीच्या खिळ्यांनी दिला. खास सॉकेट उसनं आणलं, तरी हलेनात. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमभोवती पांढरी भुकटी धरते आणि लोखंड त्यात रुतून बसतं. दोन संध्याकाळी हीट गन, भेदक तेल, हलके ठोके. तिसऱ्या संध्याकाळी 'टक्' असा आवाज आला. तो आवाज अजून कानात आहे.

छोटा बेलोज हातात घेऊन वाकवला. घडीच्या तळाशी दोन बार्नाकल (खडकाला, बोटीला चिकटणारे टणक कवचाचे समुद्री जीव), तुरीच्या डाळीएवढे, कडा पात्यासारख्या. ड्राइव्ह वर-खाली होताना त्यांनी घडीतलं रबर घासत नेलं होतं आणि केसाएवढी चीर पडली होती. सरळ धरला तर दिसतही नव्हती. दोष मालाचा नाही, माझा. ओहोटीला आमच्या मुरिंगवर पाणी इतकं कमी होतं की ड्राइव्ह चिखलात रुततो, म्हणून मी तो महिनोन्महिने उचलूनच ठेवायचो. रबराला ताण, घडीत बार्नाकलला घर.

ड्राइव्ह उघडाच होता म्हणून यू-जॉइंटचा बेलोजही नवा घातला. एक्झॉस्टच्या जागी साधी ट्यूब टाकली. अलाइनमेंट बार (इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का ते बघायचा दांडा) दोन बोटांनी आत सरकला, तेव्हा इंजिनला हात लावला नाही. नट ५० फूट-पाउंडाला, म्हणजे साधारण ६८ न्यूटन-मीटर.

आणि तरीही

परत पाण्यात. रात्रभर शून्य! नानांना मोबाइलवर कोरड्या बिल्जचा फोटो दाखवला. मग तासभर कोर्लईपर्यंत चक्कर मारून आलो, झाकण उघडलं, दोन लिटर. खारट.

या वेळी डोकं आधी चाललं. उभ्या बोटीत येत नाही, चालत्या बोटीत येतं, म्हणजे पाणी इम्पेलर, इंजिन थंड करणाऱ्या पंपाचं चाक, ढकलतोय. पुन्हा ट्रॉलीवर, ड्राइव्हला मफ (पाणी आत सोडणारे रबरी कप) लावून नळाचं पाणी, ब्लोअर, म्हणजे पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा, चार मिनिटं चालवून मग स्टार्ट. होजच्या प्रत्येक जोडाला टिशू पेपर गुंडाळला. आयडलला सगळे कोरडे. जरा रेस दिली (मफवर जास्त नको) आणि ट्रान्समच्या आतल्या बाजूने पाणी जिथे होजमध्ये शिरतं तिथला कागद भिजला. क्लॅम्पची पट्टी चकचकीत, पण स्क्रूला चुंबक चिकटला. पट्टी स्टेनलेस, स्क्रू साधा, गंजून सैल. हा क्लॅम्प गेल्या वर्षी मीच बसवला होता. आता चुंबक खिशात घेऊनच दुकानात जातो. तिथे दोन क्लॅम्प लावले, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना.

सध्याची नोंद: उभ्या बोटीत शून्य, तासभर चालवून शून्य. परवा अवकाळी सर आली तेव्हा पेलाभर सापडलं. चाखलं, गोडं. डावीकडच्या रब रेलचे (बोटीच्या कडेच्या संरक्षक पट्टीचे) स्क्रू बघायचे आहेत. शनिवारी नळी घेऊन पुढून सुरुवात करतो, वीत-वीत अंतराने, आत मुलगा टॉर्च घेऊन बसेल.