मुद्रा लोन, साउंड सिस्टीम अन् "दुकान कुठंय मॅडम?"

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी बायकांचे कार्यक्रम करते. खेळ पैठणीचा, हळदीकुंकू, मंगळागौर, डोहाळजेवण, लग्नातली हळद, जे येईल ते. माईकवर मी, पण साउंड कायम दुसऱ्याचा. सुपारीतला, म्हणजे कार्यक्रमाच्या ठरलेल्या पैशातला, मोठा हिस्सा साउंडवाल्याच्या खिशात, वर ऐन वेळेला त्याला लग्नाचं मोठं भाडं आलं की आपल्याकडं फाटका बेस पाठवून मोकळा. म्हणून ठरवलं मुद्रा लोन काढून आपला सेट घ्यायचा, दोन टॉप, दोन बेस, अँप्लीफायर, मिक्सर, कॉर्डलेस माईक अन् थोडे पार लाइट, म्हणजे स्टेजचे रंगीत दिवे.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, मोबाईलवरच आधारच्या ओटीपीनं झालं. सरकारी फी शून्य आहे, कुणी फीच्या नावाखाली पैसे मागितले तर उठून या. कामाचा कोड मात्र नीट बघून टाका. 90 मधे कला-मनोरंजन येतं, 77 मधे सामान भाड्यानं देणं. मी दोन्ही टाकले, अन् पुढं त्यातला दुसराच कामाला आला. पॅन, कोटेशन, फोटो ह्यात काही अडलं नाही.

अडलं ते बँकेत. मुद्रा योजना 2015 पासून आहे, शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत, अन् ह्याला तारण लागत नाही. माझं किशोरमधे बसत होतं. फील्ड ऑफिसरनी फाईल उघडली, पहिल्याच पानाला माझं कार्ड पिन केलेलं, नऊवारी, फेटा, हातात माईक. त्यांनी कार्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, फाईल मिटली अन् म्हणाले, "मॅडम, हे नाचगाण्याचं आहे का?" म्हटलं, कार्यक्रमाचं आहे सर. "बरं, मग दुकान कुठंय?"

आता दुकान कुठून आणू? आपला धंदा होतो दुसऱ्याच्या मांडवात, मंगल कार्यालयात, अपार्टमेंटच्या पार्किंगमधे. घरामागं पत्र्याचं शेड आहे, सामान तिथं राहील, येऊन बघून जा म्हटलं. येतो म्हणाले. आलेच नाहीत. पुढच्या वेळी म्हणे, मिस्टर काय करतात? त्यांची सही लागंल, पगाराची स्लिप आणा, सातबारा असला तर लईच बरं. आमचे मालक सही द्यायला एका पायावर तयार होते बरं का, मलाच नको होती. धंदा माझा, खातं माझं, सिबिल माझा, मग सही त्यांची कशाला? अन् तारण लागत नाही तर सातबारा कशाला?

मग हेलपाटे सुरू. साहेब मीटिंगला गेलेत, सर्व्हर डाऊन आहे, मार्च एंडिंग आहे, मार्च संपला तर आता ऑडिट आहे. मी आपली त्या पाणी गळणाऱ्या कूलरजवळच्या खुर्चीवर फाईल मांडीवर घेऊन बसलेली, अन् माझ्या डोळ्यादेखत मंडपवाल्याचं काम उभ्या उभ्या झालं. त्याचंही सामान दुसऱ्याच्याच लग्नात जातं की! कहर म्हणजे असंच बसले असताना त्याच बँकेतले एकजण जवळ येऊन हळूच विचारायलेत, ताई आमच्या कॉलनीच्या हळदीकुंकवाला किती घेता? म्हणजे सुपारी देताना तो धंदा, अन् लोन देताना नाचगाणं.

ते नाचगाणं अजून डोक्यातून जात नाही. विठाबाई नारायणगावकर, कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे, तमाशातल्या ह्या बायांनी आख्खे फड चालवले. फड म्हणजे काय नुसतं घुंगरू आहे का? तंबू, ट्रक, लाइट, वाजवणारे, सैपाकी, सीझनच्या आधी सगळ्यांना द्यायची उचल, यात्रांच्या सुपाऱ्या, पावसानं खेळ गेला तर त्याचा तोटा. राज्य सरकार विठाबाईंच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं, आपल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणी महोत्सव भरतो, तिथं टाळ्या वाजवायला सगळे पुढं. बँकेत गेलं की विचारायचं, दुकान कुठंय!

शेवटी मी एका साध्या कागदावर अर्ज लिहिला की माझं कर्ज का होत नाही ते कारण लेखी द्या. खाली हेही लिहिलं की 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करीन. ही तक्रार ऑनलाइन होते अन् फुकट असते, पण आधी बँकेकडं लेखी दिलेलं पाहिजे. म्हणून सांगते, पोच घ्या, शिक्क्याची पोच, बाकी काहीही विसरलात तरी चालंल. आठवडाही गेला नाही अन् साहेब स्वतः शेड बघायला हजर. चहा पिता पिता खरा प्रश्न बाहेर आला, सीझन नसताना हप्ता कसा भरणार? हा प्रश्न रास्त आहे की हो, पहिल्याच दिवशी विचारला असता तर! मी वहीत वर्ष मांडून दाखवलं, संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू, 8 मार्च, मग लग्नसराई, श्रावणात मंगळागौर, गणपती, नवरात्र. रिकामं जातं ते आषाढ अन् पितृपक्ष, तेवढ्यासाठी बाजूला ठेवावं लागतं. आणि खात्याचा उतारा दाखवला, सुपारीचे ॲडव्हान्स सगळे यूपीआयवर आलेले. रोखीत घेत असाल तर आजपासून बंद करा, उताऱ्यात जे नाही ते बँकेसाठी कमावलेलंच नसतं.

मंजूर झालं, मागितल्यापेक्षा कमी, त्यामुळं पार लाइट राहिले. अन् मंजुरीपत्रावर माझा धंदा काय लिहिलाय? साउंड सिस्टीम भाड्याने देणे. डब्यांना कर्ज मिळालं, माईकवर बोलणारीला नाही! असो, हप्ता तर मीच भरते.

पैसे आपल्या हातात येत नाहीत, थेट दुकानदाराच्या खात्यात जातात, तेव्हा कोटेशन जीएसटीवाल्याचंच घ्या, मला जुन्या मालावर नाही म्हणाले. ज्या अजून सुरूच करायच्यात त्यांनी मुद्राच्या आधी पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, बघा, त्यात बायकांना स्वतःचे 5 टक्केच घालावे लागतात अन् सबसिडी शहरात 25 टक्के, गावात 35 टक्के. पण ती फक्त नव्या धंद्याला, माझा आधीच चालू होता म्हणून माझं जमलं नाही. आणि हो, सेट स्वतःचा झाला की पोलीस स्टेशनच्या लाउडस्पीकर परवानगीची चौकशीही आपल्यालाच होते. रात्री 10 ला आवाज बंद म्हणजे बंद, म्हणून पैठणीचा शेवटचा खेळ छोटा ठेवा, उखाणे सुरू झाले की बायका कुणाचं ऐकत नसतात.