ग्रेनडातली राणी आणि क्रांती

पूर्वी ब्रिटिश वसाहत असलेल्या ग्रेनडा या कॅरिबियन बेटदेशाच्या इतिहासातली एक विसंगती मला फार मजेशीर वाटते. १३ मार्च १९७९ रोजी मॉरिस बिशप यांच्या समाजवादी पक्षाने सत्ता बळकावली, राज्यघटना गुंडाळून ठेवली, पण राणी एलिझाबेथला राष्ट्रप्रमुखपदावरून काढले नाही. गव्हर्नर जनरल पॉल स्कून आपल्या बंगल्यातच राहिले. एकीकडे क्यूबाशी मैत्री, दुसरीकडे राणीचा प्रतिनिधी! ऑक्टोबर १९८३ मध्ये बिशप यांची हत्या झाली आणि अमेरिकी सैन्य उतरले, तेव्हा त्याच बंगल्यात वेढ्यात सापडलेल्या स्कून यांनी, एरवी शोभेच्या समजल्या जाणाऱ्या या पदाच्या अधिकारात, पुढे हंगामी सल्लागार मंडळ नेमले आणि डिसेंबर १९८४ मध्ये निवडणुका झाल्या.