कंबरदुखी आणि सायकलची सीट

कंबरदुखीमुळे सायकल सुटते की काय, या धास्तीत असताना आज दुकानातल्या कारागिराने सीट खाली घेऊन, टाच पॅडलवर ठेवल्यावर पाय जेमतेम सरळ होईल इतकीच तिची उंची ठेवली, आणि पॅडल मारताना कंबरेचे डावीउजवीकडे डोलणे थांबून ताण तिथल्या तिथे हलका झाला. लांब स्टेमच्या (हँडल सायकलला जोडणाऱ्या दांडीच्या) जागी आखूड स्टेम बसवल्याने आता हात न ताणता हँडल हाती येते व कोपर किंचित वाकलेले राहते. सीटचे नाक मात्र अगदी थोडेच झुकवले. जास्त झुकवल्यास अंग पुढे घसरून सगळा भार मनगटांवर येतो. संध्याकाळी पाषाण तलावापर्यंत सावकाश जाऊन आलो, फार बरे वाटले. दुखणे पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर सायकलला पाना लावण्याआधी डॉक्टर गाठावा.