खोडलेला परिच्छेद

रविवार, रात्री उशिरा

1931 च्या मे महिन्यात 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूचं आणि भौतिकशास्त्रज्ञाचं एक छोटं पत्र छापून आलं. विश्वाला सुरुवात असावी ही कल्पनाच ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनला रुचत नव्हती, त्यांना दिलेलं ते उत्तर. सारं विश्व आरंभी एकाच क्वांटममध्ये, म्हणजे ऊर्जेच्या एकाच अविभाज्य पुडक्यात, सामावलेलं असेल, तर तिथे स्थळ आणि काळ या शब्दांना अर्थच उरत नाही, असं त्यात म्हटलं होतं. पत्राच्या टंकलिखित मसुद्यात शेवटी आणखी एक परिच्छेद होता. देव मुळातच गुप्त आहे, आणि आजचं भौतिकशास्त्र निर्मितीवर पडदा ठेवतं याचा श्रद्धावंताला आनंद वाटेल, अशा आशयाचा. लमेत्रनी तो छापायला देण्याआधी खोडला.

दिवसभर तोच परिच्छेद मनात घोळतोय. निमित्त आमच्या धर्मग्रामाच्या (चर्चच्या पॅरिशच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं. चर्चमधली रविवारची उपासना, मिस्सा, संपून घरी पोचते न पोचते तोच फॉरवर्ड: महास्फोटाने बायबल सिद्ध झालं, आणि सिद्धान्त मांडणारा आपलाच एक फादर! खाली जोडलेल्या हातांची रांग. वसईत निम्म्या घरांतून कुणी ना कुणी फादर किंवा सिस्टर झालेलं असतं, त्यामुळे 'आपला फादर' म्हटलं की मान ताठ होणारच, माझीही झाली. पण त्या फादरना हे कौतुक मुळीच आवडलं नसतं.

कारण असंच एकदा खुद्द पोपमहोदयांकडून झालं होतं. 22 नोव्हेंबर 1951 ला पोप पायस बारावे परमधर्मपीठाच्या (व्हॅटिकनच्या) विज्ञान अकादमीसमोर बोलले आणि 'प्रकाश होवो' या बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातल्या वचनाची सांगड त्यांनी विश्वारंभाच्या नव्या विज्ञानाशी घातली. लमेत्र अकादमीचे सदस्य. ते अस्वस्थ झाले. पुढच्या वर्षी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ रोमला जमले, तेव्हाच्या भाषणात पोपनी तो विषय टाळला. त्यामागे लमेत्रचा शब्द होता असं सांगतात.

त्यांची काळजी रास्तच होती. दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) एकमेकींपासून किती वेगाने दूर जाताहेत यावरून विश्वाचं वय काढतात, आणि त्या काळच्या मापनांनुसार ते दोनएक अब्ज वर्षं निघत होतं, म्हणजे पृथ्वीवरच्या जुन्या खडकांहूनही कमी! गणितात कुठेतरी गडबड होती हे उघड होतं. 1952 मध्ये खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी दीर्घिकांची अंतरं दुरुस्त केली आणि वय एकदम दुप्पट झालं. आज आपण 13.8 अब्ज म्हणतो. जो आकडा एवढा हलतो, त्याच्यावर देवाचं सिंहासन कोण मांडील?

आणि तेव्हा विरोधात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल होते. 'बिग बँग' (महास्फोट) हे नाव त्यांनीच 1949 मध्ये रेडिओवर बोलताना दिलं. सुरुवातीची ही कल्पना त्यांना पटत नव्हती, तिला धर्माचा वास येतो असंही त्यांना वाटायचं. या हॉइलचे शिष्य म्हणजे आपले नारळीकर सर. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्यासारखीला विश्वाचं वेड लावलं ते त्यांच्या लेखांनी, आणि सर तर महास्फोटाविषयी शेवटपर्यंत साशंक राहिले. वैश्विक पार्श्वभूमी प्रारणाचा, म्हणजे विश्वाच्या तप्त आरंभापासून उरलेल्या मंद प्रारणाचा, शोध 1965 मध्ये जाहीर झाल्यावर बहुतेकांनी कौल महास्फोटाच्या बाजूने दिला (लमेत्रना ही बातमी जून 1966 मध्ये मरण येण्याच्या थोडं आधी कळली), तरी सर आपल्या शंका मांडतच राहिले.

समजा, उद्या सरांचंच म्हणणं खरं ठरलं. विश्वाला आरंभच नाही. मग मी मिस्सेला जायचं सोडीन का? मुळीच नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसनी लिहून ठेवलंय की जगाला आरंभ आहे हे आपण श्रद्धेने मानतो, तर्काने ते सिद्ध करता येत नाही. आणि लंगडे पुरावे पुढे करू नका, अविश्वासी हसतील, अशी तंबीही दिली आहे. आज आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बघायला ते हवे होते! त्यांच्या लेखी अनादि विश्वालाही निर्माता लागतोच. निर्माता म्हणजे पहिल्या क्षणी किल्ली फिरवून बाजूला झालेला कुणी नव्हे. आत्ता, या क्षणी जे काही आहे त्याला धरून ठेवणारा.

एवढं सगळं पटतं. तरी एका बाबतीत लमेत्रशी माझं जमत नाही. सत्याकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत, मी दोन्हींनी चाललो, असं ते म्हणत. आणि त्या वाटा त्यांनी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या. प्रयोगशाळेसाठी ते ठीकच. पण पास्काच्या (ईस्टरच्या) जागरणात उत्पत्तीचं पहिलं वाचन माझ्या वाट्याला येतं आणि 'प्रारंभी' हा शब्द उच्चारताना माझ्या मनात दीर्घिका दूर पळायला लागतात. त्या मी थांबवत नाही. त्यातून पुरावा काही मिळत नाही, मात्र वाचताना आवाज थोडा बदलतो. लमेत्र रोज मिस्सा अर्पण करायचे. वेदीसमोर उभं राहिल्यावर आपली समीकरणं त्यांना खरंच बाजूला ठेवता येत असतील? मला नाही वाटत. तो परिच्छेद खोडण्याआधी त्यांनी टाइप तर केलाच होता.