टेबलावर ठीक, पाण्यात नाही

नाशिकच्या सातपूरला माझं न्यूमॅटिक, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. कारखान्यांच्या कामाबरोबर नदीत, धरणात शोध घेणाऱ्या पाणबुड्यांची बीसीडी जॅकेटंही येतात; त्यांत हवा भरली की माणूस तरंगतो, सोडली की खाली जातो. मागच्या पावसाळ्यात एका शोधपथकाकडून एक आलं, सोबत चिठ्ठी: 'हवा जाते'. बस्स. किती खोलीवर, उभं असताना की आडवं, काही नाही. ज्या पिशवीवर माणसाचा जीव तरतो तिची तक्रार दोन शब्दांत लिहितात, याची मला चीड येते.

सेफ्टी व्हॉल्व्ह उडेपर्यंत फुगवून जॅकेट रात्रभर ठेवलं. सकाळी तसंच टणक. हौदात बुडवून खांद्याचा एल्बो (नळीचा वाकडा जोड), हवा सोडायचा मागचा डम्प व्हॉल्व्ह, नळीचे क्लॅम्प बघितले. एक बुडबुडा नाही. इन्फ्लेटर, म्हणजे नळीच्या टोकाचा हवा भरायच्या बटणाचा भाग, खोलला. गंगापूर धरणाचा बारीक गाळ त्यात अडकला तर बटण सोडल्यावरही हवा भरत राहते, पण ती उलटी तक्रार. आणि आतून तो स्वच्छ होता. लाइनचं प्रेशर साडेनऊ बार, बरोबर. आधी कुणीतरी खांद्याचा व्हॉल्व्ह उगाच बदलून पैसेही घेतले होते.

पथकातले सीनियर म्हणाले, "दादा, जॅकेट सोडा. ते घालणारं पोरगंच घाबरतं, हवा पितं."

मी त्या पोराला पूर्ण सेट घालून तरण तलावावर बोलावलं. स्वच्छ पाण्यात लगेच दिसलं: बटण दाबलं की डाव्या खांद्यातून बुडबुडे.

खांद्यावरून येणाऱ्या जाड नळीच्या आत एक वायर असते. नळी खाली ओढली की खांद्याचा व्हॉल्व्ह उघडतो, हवा सुटते. गढूळ पाण्यात इन्फ्लेटर हाताला सापडावा म्हणून पथकाने तो दोरीने वेट बेल्टला, म्हणजे कमरेच्या वजनांच्या पट्ट्याला बांधला होता. हेतू चांगला. पण हवा भरली की जॅकेट वर चढतं, बेल्ट कमरेलाच राहतो, दोरी ताणते आणि व्हॉल्व्ह उघडतो. पोरगं खाली जायला लागतं, पुन्हा बटण दाबतं, जॅकेट पुन्हा चढतं. त्यात 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे पिशवीतली हवा निम्मी. तिथे बटण आणखी दाबावं लागतं. बाकीच्यांना त्रास नाही, कारण त्यांना जॅकेट अंगाबरोबर बसतं. हा किरकोळ अंगाचा, आणि त्याला लार्ज दिलेलं. माझ्याकडे जॅकेट आलं ते बेल्टशिवाय. टेबलावर दोष दिसणार कसा?

दोरी कापली. इन्फ्लेटर जॅकेटच्याच छातीवरच्या डी-रिंगला (कडीला) रबरी लूपने अडकवला. हाताला तसाच सापडतो, आणि जॅकेट चढलं तर तोही सोबत चढतो. त्याला मीडियम द्या म्हणालो. 'आहे त्यात भागवा,' असं उत्तर आलं. 2027 च्या सिंहस्थात हीच पोरं घाटांवर उभी असतील.

आता जॅकेटसोबत बेल्ट आणि ते घालणारा माणूस, दोन्ही आल्याशिवाय मी काम घेत नाही. पोराच्या नावावरचा 'हवा जास्त वापरतो' हा शेरा पथकाने अजून काढलेला नाही; तो काढावा, असं मी त्यांना लिहून दिलं आहे.