सर्व्हलेट पाथवर की रिसोर्स टाइपवर? तीन भाषांच्या साइटवरचा माझा अनुभव

वेबसाइट बांधायचं आणि सांभाळायचं सॉफ्टवेअर ॲडोबी एक्सपिरियन्स मॅनेजर, म्हणजे आपलं रोजचं एईएम, आतून अपाची स्लिंग या वेब फ्रेमवर्कवर चालतं. स्लिंगमध्ये सर्व्हलेट, म्हणजे वेब रिक्वेस्टला उत्तर देणारा सर्व्हरवरचा कोड, नोंदवायचे दोन मार्ग आहेत. एक, ठरलेला पाथ देऊन मोकळं व्हायचं: स्लॅश बिन स्लॅश अमुक. दुसरा, ते रिसोर्स टाइपला, म्हणजे मजकुराच्या तुकड्याच्या प्रकाराला, बांधायचं. मग रिपॉझिटरीत, म्हणजे साइटचा मजकूर साठवणाऱ्या भांडारात, तो रिसोर्स टाइप ज्या ज्या नोडवर (भांडारातल्या नोंदीवर) असेल, त्या प्रत्येकाच्या पत्त्यावर सर्व्हलेट उत्तर देतं. डॉक्युमेंटेशन दुसऱ्याची शिफारस करतं. पण वाचून पटणं वेगळं आणि डेडलाइन डोक्यावर असताना त्यावर ठाम राहणं वेगळं.

आमचं काम होतं बेळगावातल्या एका सहकारी पतसंस्थेच्या साइटचं. शाखा सीमेच्या दोन्ही अंगांना: इकडे खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, तिकडे चंदगड, गडहिंग्लज, कागल. साइट मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत. मी टिळकवाडीत घरून काम करतो, बाकी टीम पुण्यात. त्यात ‘शाखा शोधा’ हा भाग माझ्याकडे आला. तालुका निवडला की त्या तालुक्यातल्या शाखा, वेळा आणि फोन नंबर दिसायचे, एवढंच.

“अरे, बिनखाली टाक आणि मोकळा हो,” लीड कॉलवर म्हणाले.

“सर, मग भाषा कशी कळणार?”

“पॅरामीटर पाठव ना.”

पाठवता येतो, यात वाद नाही. पण पाथवर नोंदवलेल्या सर्व्हलेटला आपल्याला कोणत्या पानानं हाक मारली हे माहीत नसतं. भाषा सांगायची, पान सांगायचं, घटक (पानावरचा एक भाग) सांगायचा, सगळं बाहेरून. आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक पॅरामीटरची तपासणी आपल्याच गळ्यात. उलट रिसोर्स टाइपला बांधलं की रिक्वेस्टमधला रिसोर्स म्हणजे थेट त्या पानावरचा घटकच असतो. त्याच्यावरून वर चढत गेलं की पान मिळतं, पानावरून भाषा मिळते. कन्नड पानावर चिक्कोडी आणि मराठी पानावर चिकोडी असं दाखवायला वेगळा कोड लागत नाही, कारण शाखांची माहिती त्या त्या पानावरच्या घटकाच्या डायलॉगमध्येच (मजकूर भरायच्या खिडकीत) भरलेली असते. आपल्या भागात भाषेची चूक लोक खपवून घेत नाहीत, आणि घेऊही नये. मराठी पानावर कन्नड यादी किंवा कन्नड पानावर मराठी यादी आली तर संस्थेचा फोन दिवसभर वाजत राहील.

खरा फरक मला कॅशच्या वेळी दिसला, आणि त्यावरच मी लीडना पटवलं. डिस्पॅचर, म्हणजे तयार उत्तरं पुढच्या वेब सर्व्हरवर साठवून (कॅश करून) देणारा भाग, मूळ सेटिंगमध्ये क्वेरी स्ट्रिंग (प्रश्नचिन्हापुढचा भाग) असलेली रिक्वेस्ट कॅश करत नाही. यूआरएलला एक्स्टेन्शन नसेल तरीही करत नाही. म्हणजे बिनचा पत्ता आणि पुढे प्रश्नचिन्ह लावून तालुका व भाषा असा मामला केला, तर प्रत्येक क्लिक थेट पब्लिश सर्व्हरवर जाऊन आदळणार. त्याऐवजी आम्ही पत्ता असा केला: शाखा पानाचा पाथ, पुढे जेसीआर-कंटेंट (पानाचा मजकूर ठेवणारा नोड), मग घटकाचं नाव, मग डॉट यादी, डॉट तालुक्याचा कोड, डॉट जेसन. पाथ आणि एक्स्टेन्शनच्या मधले हे डॉटनं जोडलेले शब्द म्हणजे सिलेक्टर. त्यातला ‘यादी’ हा सिलेक्टर सर्व्हलेटवर नोंदवला आहे. रिक्वेस्टमध्ये त्याच्यापुढे आणखी सिलेक्टर असला तरी स्लिंग तेच सर्व्हलेट निवडतं. त्यामुळे उत्तर डिस्पॅचरवर साध्या फाइलसारखं पडून राहतं.

आणि ते शिळंही होत नाही. पान पुन्हा पब्लिश झालं की फ्लशमध्ये, म्हणजे कॅश साफ होताना, त्या पानाच्या फाइल्सबरोबर पानाखालचा जेसीआर-कंटेंट फोल्डरही उडवला जातो. शाखेची वेळ बदलून पान पब्लिश केलं की यादीची जुनी फाइल आपोआप गेलेली. बिनखालच्या पत्त्यासाठी हे सगळं आपल्याला हातानं जुळवावं लागलं असतं.

सिलेक्टर वापरताना मात्र एक काळजी घ्यायलाच हवी. कुणी वाटेल ते शब्द घालून रिक्वेस्ट मारत बसलं तर कॅश कचऱ्यानं भरते. म्हणून तालुक्याचा कोड ठरलेल्या यादीतला नसेल तर सर्व्हलेट ४०४ देतं, आणि डिस्पॅचरच्या फिल्टरमध्येही तेवढेच सिलेक्टर उघडे ठेवलेत. कोडमध्ये जिल्हाही घातला, कारण खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे तसा सांगली जिल्ह्यातही आहे.

नोंदणी करताना सिलेक्टर आणि एक्स्टेन्शन दोन्ही द्या, हे कळकळीनं सांगतो. नुसता रिसोर्स टाइप दिलात तर घटकाच्या साध्या एचटीएमएल रिक्वेस्टवरही सर्व्हलेट हक्क सांगू शकतं आणि पानावर घटकच दिसेनासा होतो. शंका आली तर लोकल ४५०२ पोर्टवरच्या वेब कन्सोलमध्ये स्लिंग सर्व्हलेट रिझॉल्व्हरचं पान उघडा. वर यूआरएल टाका, मेथड निवडा, बटण दाबा. कोणती स्क्रिप्ट किंवा सर्व्हलेट कोणत्या क्रमानं उमेदवार आहे ते खाली ओळीनं दिसतं. लॉग चाळत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सभासदांच्या विभागाचा प्रश्न याहून नाजूक. लाभांशाची माहिती फक्त लॉगिन केलेल्या सभासदांना दिसायला हवी. पानावर क्लोज्ड युजर ग्रुप, म्हणजे ठरलेल्या गटालाच पान दाखवणारी सोय, लावलेला आहे, पण पाथवरच्या सर्व्हलेटला रिपॉझिटरीच्या या परवानग्या लागू होत नाहीत. पान कुलूपबंद आणि आकडे मात्र बाजूच्या पत्त्यावर उघडे, असं होऊ शकतं. रिसोर्स टाइपवर बांधलं की आधी त्या युजरच्या सेशननं नोड वाचावा लागतो. वाचायचा हक्क नसेल तर सर्व्हलेटपर्यंत गाडी पोचतच नाही. लोकांच्या पैशांशी संबंधित साइटवर याला दुसरा पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे.

मध्यंतरी मजकूर भरणाऱ्या निपाणीच्या ताईंचा फोन आला. “दादा, शाखांचं पान ‘संपर्क’खाली घेतलंय, काय मोडणार नाही न्हवं?” मी म्हटलं, “काय मोडत नाही ताई, खुशाल घ्या.” घटक स्वतःचा पाथ घेऊनच यादीचा पत्ता छापतो, पान हललं की पत्ताही हलतो.

पाथ एका ठिकाणी ठेवला, आणि तो जाणूनबुजून. कर्जाचा हप्ता ऑनलाइन भरला की पेमेंट गेटवेकडून उलट निरोप येतो. त्यांना एकदा दिलेला पत्ता कायम तसाच राहायला हवा, आणि त्या निरोपामागे कुठलं पान नसतं की घटक नसतो. तिथे बिनखालचा पाथच बरोबर. पण पाथ दिला की सिलेक्टर, एक्स्टेन्शन, मेथड या नोंदी विचारात घेतल्या जात नाहीत. म्हणून सर्व्हलेटमध्ये फक्त पोस्टचं काम लिहिलं, बाकी मेथडना ४०५, म्हणजे ‘ही मेथड चालत नाही’ असं उत्तर, मिळतं. डिस्पॅचरवर तेवढाच पाथ आणि तेवढीच मेथड उघडी केली, आणि निरोपाची सही जुळल्याशिवाय पुढचा कोड चालतच नाही.

पाथ निवडताना रिझॉल्व्हरच्या कॉन्फिगरेशनमधली परवानगी असलेल्या पाथची यादीही बघून घ्या. बिन त्यात मुळातच असतं. यादीबाहेरचा पाथ दिला तर बंडल (कोडचं पॅकेज) ॲक्टिव्ह दिसतं, कॉम्पोनंटही ॲक्टिव्ह दिसतो, आणि यूआरएल मात्र ४०४ देत राहते.