दुधातल्या तिसऱ्या

बुधवार, रात्री

आज बुधवार, म्हणजे वाराची अडचण नव्हती. तरी जावयांनी सकाळी दोनदा विचारलं, "आई, आज चालतं ना तुम्हाला?" माणूस पुण्याचा, अंड्यालाही न शिवणारा, पण माझे वार त्यांनी पाठ केलेत. लेकीच्या बाळंतपणाला येऊन दोन महिने झाले. परवा मी सहज बोलून गेले की मासे खाल्ल्याला पासष्ट दिवस झाले. असं बोटं मोजून सांगितलेलं त्यांना लागलं असावं.

फ्रीमाँटहून बार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, सॅन फ्रान्सिस्कोला गेलो, तिथून केबल कारने कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या चढावर, आणि थोडं चालून पोक स्ट्रीटला. स्वान ऑयस्टर डेपो. नाव भारदस्त, जागा आमच्या रत्नागिरीच्या घरातल्या पडवीएवढी. १९१२ सालचं दुकान. डेन्मार्कहून आलेल्या भावांनी काढलं आणि १९४६ पासून सॅन्सिमिनो कुटुंबाकडे आहे. टेबल एकही नाही. एक लांब संगमरवरी काउंटर आणि त्याच्यापुढे १८ स्टुलं. एक उठला की दुसरा बसणार, म्हणून बाहेर रांग. फेब्रुवारीच्या वाऱ्यात तासभर उभे होतो. खिडकीत बर्फावर मासे मांडलेले. रांगेतले लोक त्यांचे फोटो काढत होते, मी डोळे बघत होते. स्वच्छ, फुगीर. कल्ले उघडून बघायला हात शिवशिवत होते, पण मध्ये काच.

स्टुलावर चढणं हे माझ्या गुडघ्यांना एक कामच झालं. एकदा बसल्यावर मात्र वाटलं, ही जागा आपल्या ओळखीची आहे. समोर माणूस कापतोय, सोलतोय, शेजारच्याशी बोलतोय आणि हात थांबत नाहीत. कोळणीसमोर पाटावर बसल्यासारखंच, फक्त इथे ती घासाघीस नाही.

पहिल्यांदा कालवं मागवली. ऑयस्टर म्हणजे आपली कालवंच हे मला इथे येईपर्यंत खरंच कळलं नव्हतं. लहानपणी आजीबरोबर ओहोटीला भाट्याच्या खाडीत जायचे. कातळाला घट्ट चिकटलेलं कालव. वरची शिंप फोडायची, आतला गोळा टोकाने अलगद भांड्यात घ्यायचा, खालची शिंप कातळालाच राहते. पाय कापायचे, बोटं कापायची. दोन तास ओणवं राहून वाटीभर जमायची. आजीचा एकच धाक: पाणी सांडायचं नाही. त्या पाण्यातच कालवं शिजायची, वर कांदा-खोबऱ्याचं वाटप आणि दोन आमसुलं. इथला माणूसही तसाच. आखूड सुरी बिजागरीशी घालून मनगट एकदा फिरवलं की शिंप उघडते, आणि पाण्याचा थेंब बाहेर पडत नाही. आजीने त्याला कामावर ठेवला असता.

एक जात कुमामोटो. मूळची जपानची, आता इकडच्या किनाऱ्यावर पाळतात. लहानशी, खोलगट. ती कच्ची खायची! मी कालवं कच्ची जन्मात खाल्ली नव्हती. लिंबू पिळलं, डोळे मिटले, गिळलं. उधाणात पोहताना नाकातोंडात पाणी जातं ना, तसा पहिला झटका, आणि मागाहून काकडीसारखं थंड गोड. डोळे उघडले तर जावई छताकडे बघत होते. त्यांच्यापुढे आंबूस पाव आणि लोणी. अर्धा डझन संपेपर्यंत ते छताकडेच बघत होते बिचारे.

मग चाउडर नावाचं सूप आलं. पांढरं, दाट, बटाट्याच्या फोडी आणि आपल्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, जातीचं काहीतरी. मी चमच्याने ढवळत विचारलं, पांढरं कशाने? जावई हळूच म्हणाले, "दूध." दूध आणि मासे! आमच्याकडे मासे खाल्ल्यावर चहासुद्धा काळा पितात. कोड येतं म्हणत. खरं-खोटं देव जाणे, पण वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी परीक्षा घ्यायची म्हणजे! पण तासभर थंडीत उभा राहिलेला माणूस शेजारी बसलेला, पुढ्यातलं टाकणार कशी. खाल्लं. बरं होतं. फार बरं होतं, हे लेकीला सांगितलेलं नाही. खोबऱ्याचं दूध घातलं असतं तर आणखी बरं झालं असतं.

मग कुर्ली, म्हणजे खेकडा, डंजनेस जातीचा. तळहातापेक्षा मोठी, भरलेली. मी काउंटरवाल्याला विचारायला लावलं, लाख, म्हणजे आत अंडी, असलेली मिळेल का? तो हसला. इथे धंद्यासाठी फक्त नरच धरायचे, तेही सव्वासहा इंच रुंद भरले तरच. मादी सापडली तर पाण्यात परत. म्हणजे लाखेचा प्रश्नच मिटला. आणि हंगामही आता हमखास नोव्हेंबरात सुरू होत नाही. पिंजऱ्यांच्या दोरांत देवमासे अडकतात, म्हणून ते लांब जाईपर्यंत होड्या थांबवतात. आपल्याकडे जून-जुलै दोन महिने बंदी आणि नारळी पौर्णिमेला नारळ, इथे देवमाशाची वाट. पाठीच्या कवचातला पिवळा गर मात्र नरातही असतो. त्यात पाव बुडवून खाल्ला. त्याबद्दल लिहीत बसत नाही, झोप येणार नाही.

निघताना लेकीसाठी एक उकडलेली कुर्ली बांधून घेतली. बाळंतिणीला द्यावी की नाही याचा विचार नंतर. तिथे रोखच चालते, आणि कुर्लीमुळे जावयांनी काढून आणलेले पैसे कमी पडले. ह्यांनी रत्नागिरीत पाकिटाच्या आतल्या कप्प्यात घातलेले डॉलर "अडीअडचणीला" होते. ही अडचणच. जावई गाडीत बसेपर्यंत "आई, मी देतो, घरी गेल्यावर देतो" म्हणत होते.

घरी आल्यावर पुडा फ्रिजमध्ये ठेवला. मगाशी पाणी प्यायला उठले तेव्हा बघितलं, जावयांच्या दुधाच्या कॅनला तो टेकलेला. दूध वरच्या कप्प्यात ठेवून आले.